संगणक बदलला, यादीतली माणसे गेली कुठे?

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. यादवकाळातील ते कोरीव दगड पाहायला दूरदूरचे अभ्यासक येतात. आम्ही मात्र गेल्या पावसाळ्यात चारठाण्याला गेलो ते दगड पाहायला नव्हे, तर बौद्ध वस्तीतील एका घरी कागद वाचायला. घरातील आजींनी पत्र्याची पेटी उघडली आणि एकाच जमिनीचे पाच कागद आमच्यासमोर ठेवले. पहिला निजामी अमलाची छाप असलेला, उर्दूतील खासरा पत्रकाची नक्कल. दुसरा पाहणी पत्रकाचा उतारा. तिसरा तलाठ्याच्या हातचा, शाई पसरलेला सातबारा. चौथा कडेला भोके असलेल्या लांब कागदावर छापलेला संगणकीय उतारा. आणि पाचवा नातवाने मोबाईलवरून काढून आणलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा.

आजींनी विचारले, "वकीलसाहेब, जमीन एकच हाय, मग कागदं पाच कशापायी?"

हा प्रश्न साधा नाही. शासनाच्या नोंदी एका साच्यातून दुसऱ्या साच्यात अनेकदा ओतल्या गेल्या आहेत. उर्दूतून मराठीत, एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये, सर्व्हे नंबरातून गट नंबरात, हातातून संगणकात आणि आता जुन्या संगणकातून नव्या संगणकात. प्रत्येक वेळी ओतणाऱ्याने सांगितले की, काहीही सांडलेले नाही. आजींच्या पाच कागदांत पतीचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आहे आणि एका कागदावर क्षेत्र दोन गुंठ्यांनी कमी आहे. सुदैवाने पाचही कागद हाती होते, म्हणून दुरुस्तीचा अर्ज लिहिता आला. ज्यांच्याकडे एकच, शेवटचा कागद आहे, त्यांनी काय करावे?

संगणकाची आवृत्ती बदलणे हा तंत्रज्ञांचा विषय आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. एका प्रकरणाने आमचे डोळे उघडले.

मराठवाड्यातील एका कार्यालयात (नाव येथे देत नाही) गायरानावरील जुन्या अतिक्रमणधारकांची यादी संगणकात होती. जुना संगणक निकामी झाला, नवा आला, त्याबरोबर नवी प्रणाली आली. पुढे आमच्या एका पक्षकाराला त्या यादीची प्रत लागली. प्रत मिळाली, पण त्यात त्यांचे नाव नव्हते. वस्तीतील एका जुन्या कार्यकर्त्याने २००३ साली काढलेली छापील यादी जपून ठेवली होती. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जुनीत ४३ नावे, नवीत ३४. नऊ नावे गेली होती आणि त्यांतील आठ आमच्या बौद्ध आणि मातंग वस्तीतील होती.

आमचा पहिला संशय साहजिकच होता : कोणीतरी मुद्दाम नावे काढली. आम्ही तावातावाने गेलो. तेथील संगणक चालवणाऱ्या तरुणाने शांतपणे पडद्यावर दाखवले की, नऊही नावे आत सुरक्षित आहेत, फक्त छापील अहवालात येत नाहीत. कारण काय? नावांचा तक्ता एक, गट नंबरांचा तक्ता दुसरा. जुन्या अहवालाला आदेश होता की, गट नंबर जुळो अथवा न जुळो, नाव छाप. तो आदेश नव्या आवृत्तीत चालेना, म्हणून कोणीतरी तो चालता केला. चालता करताना त्याचा अर्थ झाला : गट नंबर जुळला तरच नाव छाप. या नऊ जणांच्या नोंदीत गट नंबराचा रकाना पहिल्यापासून कोराच होता.

यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण मग नऊपैकी आठ आमचेच का निघाले? कारण रकाना कोरा राहतो तो कोणाचा? ज्याच्या झोपडीपर्यंत तलाठी गेला नाही त्याचा. ज्याला मोजणीची फी भरता आली नाही त्याचा. ज्याची नोंद करताना "पुढे पाहू" म्हटले गेले त्याचा. यंत्राला जात नसते हे खरे आहे. पण यंत्रात भरलेल्या अर्धवट नोंदींना जात असते, आणि अर्धवट नोंद गाळणारा नवा नियम जातीचा उच्चारही न करता जातीवरच येऊन पडतो. आमच्या मते या विषयाचे सार एवढेच आहे.

असे घडणे नवलाचे नाही. संगणक क्षेत्रातील एक माहीत असलेले उदाहरण देतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डाटाबेसमध्ये दोन तक्ते जोडताना पूर्वी बरोबरच्या चिन्हाशेजारी चांदणीचे चिन्ह वापरत. चांदणी असली की न जुळणाऱ्या ओळीही अहवालात येत. २००५ च्या आवृत्तीपासून, तिच्या नव्या नियमांनुसार, हे चिन्ह बंद झाले. त्याऐवजी वेगळे शब्द वापरायचे होते. ज्याने ते शब्द वापरले त्याचा अहवाल पूर्वीसारखाच राहिला. ज्याने घाईत नुसती चांदणी पुसली त्याचा अहवाल विनातक्रार चालू झाला, फक्त न जुळणाऱ्या ओळी गळाल्या. पडद्यावर चूक दिसत नाही, लाल अक्षरे येत नाहीत. कागद आधीपेक्षा नीटनेटका दिसतो. म्हणून "प्रणाली चालू झाली" म्हणजे "प्रणाली बरोबर चालली" असे कोणी समजू नये.

आम्ही नव्या आवृत्तीच्या विरोधात आहोत असा याचा अर्थ नाही. जुन्यालाच चिकटून राहणे शक्यही नाही. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला, विंडोज एक्सपीचा एप्रिल २०१४ मध्ये, एसक्यूएल सर्व्हर २००८ चा जुलै २०१९ मध्ये. आधार संपला की सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत आणि नोंदींत बाहेरून हात घातला जाण्याचा धोका वाढतो. शिवाय संगणकीकरणाने आपल्या माणसांचा फायदाही झाला आहे. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग १९८८-८९ साली देशातील ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात चार चकरा मारणे ज्यांनी भोगले आहे, त्यांना याची किंमत कळते. बदल हवाच, पण बदलाचा हिशेबही हवा.

या हिशेबात आपले काय पणाला लागले आहे? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ साली मराठवाड्यात आणि १९६४ साली देशभर भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लोकांनी तुरुंगवास भोगला तो कसायला जमिनीचा तुकडा मिळावा म्हणून. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग दिला. पण पुरावा काय? गाव नमुना १-ई मधील नोंद, दंडाची पावती, पाहणीतील पिकाची नोंद. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले. त्यातही शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना अथवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल, तर तो अपवाद मानला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची दखल घेतली, तेव्हा गावोगाव नोटिसांची धास्ती पसरली. अशा वेळी अतिक्रमण करून बसलेला धनदांडगा आणि चाळीस वर्षे गायरान कसून पोट भरणारा भूमिहीन यांच्यातला फरक दाखवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे जुनी नोंद. ती नोंद नव्या अहवालात छापली गेली नाही, तर न्यायालयापुढे दोघेही सारखेच.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून आणखी एक मुद्दा मांडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतील व प्रमाणित फेरफारातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंद छापली गेली तर ती खोटी ठरवण्याचा भार आपल्या माणसावर येतो. अतिक्रमणाच्या नोंदवहीला तर हे गृहीतकही लागू नाही. सातबाऱ्यातील लेखनप्रमादासाठी कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते, पण ती मागायला जुना कागद लागतो.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ फारच थोड्यांना ठाऊक आहे. कायद्याने जपायचा अभिलेख इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवला, तर तो पुढेही वाचता आला पाहिजे, आणि मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवते असे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात तो राहिला पाहिजे, असे हे कलम सांगते. "सिद्ध करता येईल" या शब्दांवर आमचा भर आहे. "आमची प्रणाली नवी आहे" एवढे सांगून भागत नाही. जुने आणि नवे एकच आहे, हे दाखवावे लागते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे संगणकातील माहितीची छापील प्रत मागण्याचा हक्कही आपल्याला आहे.

"संगणक चुकत नाही" या अंधश्रद्धेची किंमत प्रगत म्हणवणाऱ्या देशानेही मोजली आहे. ब्रिटनमध्ये टपाल खात्याच्या होरायझन या प्रणालीने दाखवलेल्या खोट्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक छोट्या टपालचालकांना दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, अनेक कर्जबाजारी झाले. २०१९ साली तेथील उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचे मान्य केले आणि २०२४ साली खास कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्या लोकांना संघटना उभारता आली, वकील मिळाले, तरी वीस वर्षे लागली. आपल्या गायरानधारकाला किती लागतील?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कोणत्याही शासकीय यादीची अथवा उताऱ्याची प्रणाली बदलताना, जुनी बंद करण्यापूर्वी, एकाच तारखेचा अहवाल दोन्हींतून काढावा. ओळींची संख्या, नावांची संख्या आणि एकूण क्षेत्र ताडून पाहावे आणि फरकाची यादी ग्रामपंचायतीत लावावी. ज्या नोंदीत रकाना कोरा आहे ती नोंद गाळू नये, "कोरा" असे लिहून छापावी. जुना डाटाबेस आणि जुन्या अहवालांचे आदेश नष्ट करू नयेत. जुना अहवाल नव्या साधनात उघडून साठवला की पुष्कळदा तो पुन्हा जुन्यात उघडत नाही, म्हणून मूळ प्रत आधीच बाजूला ठेवावी. आणि २०१७ साली सातबारा संगणकीकरणाच्या वेळी जसे चावडी वाचन झाले, तसे प्रत्येक बदलानंतर व्हावे, पण ते फक्त चावडीत नव्हे, वस्तीत येऊन व्हावे. चावडीत आपला माणूस आजही दाराशी उभा राहतो, हे शासनाला माहीत नसेल तर आम्ही सांगतो.

शासनाला सांगताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या किती विहार समित्यांच्या सभासद याद्या, किती मंडळांचे ठराव जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत? नव्या संगणकावर ते उघडले की अक्षरांऐवजी चिन्हांचा बुजबुजाट दिसतो. आमच्या स्वतःच्या प्रकरणांची १९९० च्या दशकातील यादी अशीच मुकी झाली. कागदावर उतरवलेली होती तेवढीच वाचली. चळवळीचा इतिहास दुसरा कोणी जपणार नाही.

आमचा प्रस्ताव असा आहे. दरवर्षी २६ नोव्हेंबरला आपण विहारात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करतो. त्याच दिवशी वस्तीतील प्रत्येक कुटुंबाने त्या वर्षी काढलेला सातबारा, आठ-अ, फेरफार आणि जिथे लागू असेल तिथे १-ई चा उतारा आणावा. शिकलेल्या मुलामुलींनी तो मोठ्याने वाचावा, मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहावा, फरक वहीत लिहावा आणि जुना कागद पुन्हा पेटीत ठेवावा. खर्च फक्त झेरॉक्सचा.

त्या नऊ जणांची नावे सात महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर यादीत परत आली. त्यासाठी मोर्चा लागला नाही. २००३ साली एका कार्यकर्त्याने स्वतःच्या पैशाने काढलेली यादी लागली. चारठाण्याच्या आजींना निघताना आम्ही एवढेच सांगितले, "आजी, नवा कागद आला तरी जुना फेकू नका." त्या म्हणाल्या, "फेकला असता तर तुम्हाला दावला कुठून असता?"

जयभीम.