मोटारीचा वनवास

माणसाच्या आयुष्याचे आपल्याकडे चार आश्रम कल्पिले आहेत. मोटारीच्या आयुष्याचे सरकारी नियमांनीं तीनच पाडले आहेत. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत गृहस्थाश्रम, पन्नासाव्या वर्षानंतर देवपण, आणि मधलीं पस्तीस वर्षें वनवास! प्रभु रामचंद्रांस चौदा वर्षें वनांत काढावीं लागलीं, पांडवांस अज्ञातवास धरून तेरा; परंतु आपल्या दारांत मुकाट्यानें उभ्या असलेल्या मोटारीच्या वांट्यास पस्तीस यावीं, असा तिनें कोणता अपराध केला, हें आम्हांस पुष्कळ विचार करूनही उमगलेलें नाहीं.

ही थट्टा वाटत असेल तर हिशेब पाहावा. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठीं होते. ती मुदत संपली, कीं मोटार परिवहन कचेरींत गाडी न्यावयाची, तिची प्रकृति ठीक असल्याचा दाखला मिळवावयाचा, पर्यावरण कर भरावयाचा, आणि मग पांच पांच वर्षांची मुदतवाढ घेत राहावयाचें. या मुदतवाढीची फी पूर्वीं ६०० रुपये होती; १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींसाठीं १०,००० करण्यांत आली. म्हातारपणीं औषधपाण्याचा खर्च वाढतो हें सर्वांस ठाऊक आहे; येथें नुसत्या हयातीच्या दाखल्याचाच खर्च वाढतो.

उलट पक्षीं, जुलै २०२१ मध्यें मध्यवर्ती सरकारनें दुसरा एक नियम काढला. जी मोटार ५० वर्षांहून जुनी आहे, आणि जिचें मूळ रूप फारसें न पालटतां जपलेलें आहे, तिला ‘व्हिंटेज’ म्हणजे पुरातन वारशाचा दर्जा. वीस हजार रुपये भरले कीं दहा वर्षांची नोंदणी, व क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ हीं मानाचीं अक्षरें. मात्र अशा मोटारीनें रोज बाजाराला जावयाचें नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, संशोधन, इंधन किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतेंच तिनें रस्त्यावर यावें, अशी अट आहे. देवपण आलें तरी देव्हाऱ्यांतच बसणें आलें!

याचें पंचांग मांडून पाहिलें तर मोठी मौज दिसते. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमिअर कंपनीच्या फियाटीस ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें तें १९७४ सालीं. तेव्हां त्या नांवाच्या पहिल्या मोटारी २०२४ सालीं पन्नाशी गांठून पूज्य झाल्या. पण मुंबईच्या रस्त्यांवरील त्यांच्या काळ्यापिवळ्या बहिणी, टॅक्सीस घातलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळें, त्याच्या आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, कायमच्या निवृत्त झाल्या. एक बहीण संग्रहालयाच्या वाटेवर, दुसरी भंगाराच्या! मारुति-८०० ही मध्यम वर्गाची गृहलक्ष्मी डिसेंबर १९८३ मध्यें अवतरली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तिच्या पहिल्या खेपेस देवपण येण्याला डिसेंबर २०३३ उजाडावा लागेल. शेवटच्या खेपेचा तर वनवासच २०२९ सालीं सुरू व्हावयाचा असून तो २०६४ पर्यंत चालेल. आज पाळण्यांत असलेल्या नातवानें ती आजोबांची मारुति सांभाळली, तर त्याच्या स्वतःच्या चाळिशीच्या सुमारास तिची पूजा करण्याचें भाग्य त्यास लाभेल.

इतकें लिहिल्यावर, सरकार निर्बुद्ध आहे असें म्हणण्याचा मोह कोणासही होईल. पण तो आवरणें न्यायाचें आहे. जुन्या मोटारीच्या प्रेमांत पडलेल्या माणसास तिचा धूर दिसत नाहीं, हा प्रेमाचा जुनाच दोष आहे. एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या मोटारींस धुराचें सहाव्या पायरीचें प्रमाण पाळावें लागतें. विसाव्या शतकांतील मोटार त्या पायरीच्या आसपासही फिरकत नाहीं. जोरानें ब्रेक दाबला असतां चाकें जखडूं न देणारी योजना नव्या मोटारींस २०१९ पासून सक्तीची झाली. आपल्या जुन्या लाडक्या गाडींत ती नाहीं, आणि आघात होतांच फुगणाऱ्या हवेच्या उशाही नाहींत.

शिवाय एकत्र कुटुंबांतील मोटारप्रवास कसा असतो हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुढचें आसन वडिलांचें, त्याबद्दल वाद नाहीं. मागें तिघांच्या जागीं आजी, काकू आणि वहिनी. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक बालक. पायांशीं फराळाचा डबा, आणि दोघींच्या मधल्या फटींत, ‘मी अगदीं अंग चोरून बसतें’ असें म्हणत शिरलेली आत्या. कायद्याप्रमाणें मागच्यांनींही पट्टा बांधावयास हवा. पण तो कोणाकोणास बांधावा, डब्यास कीं आत्यास, हा प्रश्न अद्याप कोणत्याही घरांत सुटलेला नाहीं. विनोद बाजूला ठेवून बोलावयाचें, तर मांडीवरचें मूल हें त्या गाडींतील सर्वांत असुरक्षित माणूस असतें. गाडी थबकते, पण मूल थबकत नाहीं. आणि आजीच्या मायेंत कितीही बळ असलें तरी त्या क्षणीं हातांत तेवढें बळ नसतें. जुनी मोटार ठेवावी कीं काढावी, या प्रश्नांत खरी जोखीम कोणाची आहे, तर ती या मुलाची आहे. बाकीच्या सर्व गोष्टी हौसेच्या व पैशाच्या.

दिल्लींत याचा निकाल निव्वळ वयावरून लावण्यांत आला. दहा वर्षांवरील डिझेलच्या व पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या मोटारींवर तेथें बंदी आली, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्यें अशा गाड्यांस पंपावर इंधनच देऊं नये असा हुकूम तेथें अमलांत आला, व लोकांची ओरड होतांच थोड्याच दिवसांत थांबविला गेला. महाराष्ट्रांत अशी सरसकट बंदी नाहीं, परीक्षा आहे. आणि आमच्या मतें हीच रीति अधिक शहाणपणाची आहे.

वयावरून वाहनाची पारख होत नाहीं याचा दाखला तासगांवास दूर शोधावा लागत नाहीं. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं उभारलेल्या गणपति-मंदिराचें उंच गोपुर जितकें प्रसिद्ध आहे, तितकाच ऋषिपंचमीस निघणारा रथही प्रसिद्ध आहे. गणपतीपासून काशीविश्वेश्वरापर्यंत तो लांकडी रथ हजारों हात दोरखंडांनीं ओढीत नेतात. त्यास इंजिन नाहीं, क्रमांकाची पाटी नाहीं, आणि त्याचा जन्मदाखला मागण्याची छाती कोणत्याही कचेरीस झालेली नाहीं. थट्टेची गोष्ट सोडली तर त्यांत एक बोध आहे. असें वाहन पिढ्यान् पिढ्या चालतें तें जपणूक आणि मर्यादा या दोन गोष्टींमुळें. तें वर्षांतून एकदां, ठरलेल्या वाटेनें, माणसाच्या पावलाच्या गतीनें चालतें. जुन्या मोटारीसही हेंच पथ्य मानवतें. रोजची धांवपळ तिला नको, आणि वर्षभर एका जागीं गंजत पडणेंही नको.

जुन्या लोखंडाचा आमच्या भागानें नेहमींच आदर केला आहे. सायकलींच्या धंद्यापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली ती याच टापूंत. त्याच सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे हें गांव यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान म्हणून सर्वांस माहीत होतें. २०२१ च्या डिसेंबरांत तें दुसऱ्याच एका कारणानें देशभर गाजलें. तेथील दत्तात्रय लोहार यांनीं मुलाची हौस पुरविण्यासाठीं भंगारांतील सुटे भाग जमवून एक लहानशी जीप घडविली. खर्च सुमारें साठ हजार रुपये. आणि फटफटीप्रमाणें लाथ मारली कीं सुरू होणारी! तिचें चित्र पाहून आनंद महिंद्र यांनीं लोहारांच्या बुद्धीचें कौतुक केलें, आणि ती गाडी नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां अधिकारी ती थांबवतील, म्हणून तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ही अदलाबदल झाली.

या गोष्टीचा शेवट गोड झाला हें खरें. तथापि ती वाचून आम्हांस एक शंका येते. ज्या कायद्यास पन्नास वर्षें पडून राहिलेल्या गाडीसाठीं मानाचें पान वाढतां येतें, त्यास लोहारांसारख्या कारागिरासाठीं एखादा पाट मांडतां येऊं नये काय? त्यांची जीप महामार्गावर यावी असें आम्ही म्हणत नाहीं. ब्रेकची, दिव्यांची, सांगाड्याची परीक्षा झाल्याखेरीज कोणतीच गाडी तेथें येऊं नये. परंतु गांवच्या हद्दींत, ठराविक वेगाच्या आंत, तपासून घेऊन चालवावयाची परवानगी असा एखादा मधला मार्ग निघाला, तर प्रत्येक हुशार लोहारास एखाद्या उद्योगपतीची नजर आपल्याकडे वळण्याची वाट पाहावी लागणार नाहीं.

मोटारींची हौस आमच्याकडे किती आहे याची गणतीच नको. अलीकडे सांगली जिल्ह्यांतील बैलगाडीच्या शर्यतींत पहिल्या क्रमांकास ‘थार’ मोटार बक्षीस लावण्यांत आली. जीव तोडून धांवावें बैलांनीं, आणि बक्षीस मिळावें तें बैलांची जागा घेणाऱ्या यंत्राचें. यापरतें औदार्य पशुकोटींतच शक्य आहे. क्रमांकाच्या पाट्यांचेंही तसेंच. ४१४१ चे ‘दादा’, २१४ चे ‘राम’ आणि ८०५५ चे ‘बॉस’ करण्याची जी चित्रकला आमच्या रस्त्यांवर बहरली होती, तिच्यावर आतां एकसारख्या ठशाच्या, उच्च सुरक्षेच्या पाट्यांनीं कुऱ्हाड घातली आहे. एप्रिल २०१९ पूर्वींच्या मोटारींसही त्या लावणें भाग आहे. कलेची हानि झाली खरी. पण चोरीची गाडी आणि पळून जाणारा गुन्हेगार ओळखावयाचा, तर आकडा आकड्यासारखा दिसणें बरें. दादांना दादापण दाखविण्यास इतर साधनें पुष्कळ आहेत.

जुन्या मोटारीच्या वनवासांत एक नवें संकट आमच्याच शिवारांतून आलें आहे. ऊंस पिकवावयाचा आम्हीं, आणि त्याचें मद्यार्क पेट्रोलमध्यें मिसळून प्यावयाचें मोटारीनें! २०२५ पर्यंत हें प्रमाण शेंकडा वीसवर पोंचलें. शेतकऱ्यास बाजार मिळतो, परदेशीं तेलाचा खर्च वांचतो, हें इष्टच आहे. परंतु या मद्यार्कांत पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश उष्णता कमी, त्यामुळें गाडी त्याच लिटरांत थोडी कमी धांवते. आणि जुन्या मोटारींतील कांहीं रबरी भाग लवकर बदलावे लागण्याचा संभव असतो. तेव्हां जुन्या गाडीच्या मालकानें इंधनाच्या नळ्या अधूनमधून तपासून घ्याव्या. सोंवळ्यांत वाढलेल्या वृद्धेस एकाएकीं असें पेय पाजावयाचें, तर प्रकृतीकडे लक्ष ठेवणें हें घरच्यांचें कर्तव्यच आहे.

मग पंधरावें वर्ष सरलें असतां घरानें करावें काय? वडीलधाऱ्यांची बैठक बसवून तीन प्रश्न विचारावे. पहिला: सांगाड्यास व ब्रेकच्या नळ्यांस गंज चढला आहे काय? चढला असेल तर माया आवरावी. दुसरा: धूर मर्यादेंत आहे काय? तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा: या गाडींतून रोज कोण जाणार? शाळेचीं मुलें जाणार असतील, तर त्यांच्यासाठीं सुरक्षित गाडी आधीं पाहावी. जुनी गाडी रविवारच्या फेरफटक्यास ठेवावी. काढून टाकावयाचें ठरलें, तर रस्त्यावरच्या भंगारवाल्यास नुसती किल्ली देऊन मोकळें होऊं नये. सरकारमान्य मोडणी-केंद्रांत ती द्यावी, तेथील जमेचा दाखला घ्यावा आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. त्या दाखल्यावर नव्या खाजगी मोटारीच्या करांत शेंकडा पंचविसापर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. आणि नोंदणी तशीच राहिली, तर गाडीनें पुढें केलेल्या उद्योगांचा जाब मात्र आपल्याच नांवावर येतो.

सरकारासही एक विनंति आहे. परीक्षा हवी तेवढी कडक घ्यावी, नापास गाडीस खुशाल नापास करावें. पण फी ठरवितांना वयाबरोबर चाल पाहावी. वर्षाकांठीं दोन हजार किलोमीटरही न धांवणाऱ्या आजोबांच्या मारुतीनें, आणि रोज दोनशें धांवणाऱ्या गाडीनें, केवळ एकाच वर्षीं जन्मल्या म्हणून सारखाच दंड भरावा, हें न्यायाचें दिसत नाहीं. थोडें चालणाऱ्यास थोडी फी असा नियम झाला, तर हा पस्तीस वर्षांचा वनवास निदान सुसह्य वानप्रस्थ तरी होईल; आणि वानप्रस्थाश्रमाचा मान राखावा, हें आमच्या घरांतील मंडळींस कोणीं शिकवावयास नको.