'पारंपरिक' म्हणजे कोणाचे?

ध्वनिमुद्रिकांचे परीक्षण हा प्रकार आपल्या मासिकांतून अलीकडे रुजू पाहत आहे, आणि त्याच्या वाढीने आनंद मानणाऱ्यांपैकीच आम्ही आहोत. परंतु या नव्या विद्येने बाळपणीच एक वाईट खोड लावून घेतली आहे, आणि ती वेळीच मोडली नाही तर पुढे स्वभाव होऊन बसेल. विलायती रॉक संगीताची तबकडी हाती आली, म्हणजे आमचा परीक्षक गीताचा कर्ता, वादकांची नावे, मुद्रणाचे साल, किंबहुना गिटारीची घडणसुद्धा मोठ्या आस्थेने सांगतो. तोच परीक्षक मराठी लोकगीतांचा संग्रह ऐकावयास बसला, की 'मातीचा गंध', 'रांगडा बाज' अशी चार विशेषणे उधळून मोकळा होतो. गीत कोणाचे? पारंपरिक. चाल कोणाची? पारंपरिक. हा शब्द पुष्कळदा ज्ञानाचा नसून आळसाचा द्योतक असतो, आणि कित्येकदा त्याच्या आड सरळ सरळ अपहार लपलेला असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या वादाचे दोन्ही पक्ष आमच्या घरातच नांदतात. चिरंजीवांचे आराध्यदैवत लेड झेपलिन हा इंग्रज वाद्यवृंद, तर सौभाग्यवतींचे प्रल्हाद शिंदे. दोन्हींच्या मुद्रिका आम्ही गेली कित्येक वर्षे इच्छेने व अनिच्छेने ऐकत आलो आहोत. तेव्हा दोन्हींना एकच माप लावून पाहावयास हरकत नाही.

लेड झेपलिनच्या १९६९ मधील पहिल्या संग्रहात 'बेब, आय'म गोना लीव्ह यू' हे गीत आहे. हलक्या, विनवणीच्या सुरातून एकाएकी उसळणारा त्याचा आवेग आजही मनाची पकड घेतो. ते त्या संग्रहातील उत्कृष्ट गीतांपैकी एक होय, याविषयी चिरंजीवांशी आमचा मतभेद नाही. परंतु मूळ वेष्टनावर ते 'पारंपरिक' म्हणून छापले होते. वस्तुतः त्याची कर्ती ॲन ब्रेडन ही अमेरिकन बाई हयात होती! तिने ते १९५० नंतरच्या दशकात रचले, जोन बाएझने ते गायिले, आणि बाएझच्या मुद्रिकेवरून ते इंग्लंडात पोहोचले. ब्रेडनबाईंचे नाव त्या गीतापुढे लागावयास १९९० साल उजाडावे लागले. हाच संग्रह प्रसिद्ध झाला त्याच वर्षी या मंडळींनी काढलेल्या दुसऱ्या संग्रहातील 'होल लॉटा लव्ह' या गीतावर विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराने १९८५ मध्ये दावा लावला; तडजोड झाली, आणि त्याचेही नाव पुढे दाखल करावे लागले.

याउलट, याच वृंदाच्या १९७१ मधील चौथ्या संग्रहातील 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' पाहा. हे गीत कॅन्सस जो मकॉय व मेम्फिस मिनी या जोडप्याने १९२९ मध्ये मुद्रित केले होते. इंग्रजांनी ते पार बदलून टाकले. हेडली ग्रेंज या वाड्याच्या जिन्याखाली मांडलेला जॉन बॉनमचा पडघम पुराच्या लोंढ्यासारखा आदळत राहतो. येथे वेष्टनावर मेम्फिस मिनीचे नाव आहे. त्या नावाने गाण्याची थोरवी तिळमात्र कमी झाली काय? उलट, मूळ मुद्रिका ऐकून पाहणाऱ्याला नव्या कर्तृत्वाचे मोजमाप अधिक नीट करता येते. उसने घेणे हे कलेत पाप नव्हे. उसने घेतल्याचे लपविणे हे पाप होय.

आता सौभाग्यवतींच्या पक्षाकडे वळू. प्रल्हाद शिंदे यांचा गळा मोकळा, खडा आणि दूरवर फेकला जाणारा. विठ्ठलाची गीते, भीमगीते आणि कव्वाली यांतून तो सारख्याच सहजतेने फिरला. आमच्या बजाजनगरालगतच वाळूजचे 'छोटे पंढरपूर' आहे. आषाढीला तेथे लोटणाऱ्या गर्दीपैकी कोणालाही विचारावे, की 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे कोणाचे? शंभरातील नव्वदांचे उत्तर 'जुना अभंग आहे' असेच येईल, याविषयी आम्ही पैज मारावयास तयार आहोत. ते गीत दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्यास चाल दिली. सामान्य श्रोत्याला हे ठाऊक नसणे क्षम्य आहे. कवीच्या दृष्टीने तर तो विजयच म्हटला पाहिजे. परंतु परीक्षकानेही ते 'परंपरेच्या' खात्यावर जमा करावे, हे मात्र अक्षम्य होय. शांताबाई शेळके यांचे 'मी डोलकर' कोळ्यांचे जुने गाणे म्हणून खपते, तीही याच मासल्याची गोष्ट.

यावर विद्वान मंडळी म्हणतील, 'लोकगीत हे स्वभावतःच अनामिक. ते समूहाचे, व्यक्तीचे नव्हे.' हे वाक्य दिसते भारदस्त, पण आपल्याच परंपरेपुढे ते टिकत नाही. आपले संत अभंगाच्या अखेरीस नाव घालतात. शाहीर लावणीत नाव घालतात. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात 'वामन' अशी मुद्रा उमटवीत. लोककवी आपले नाव गीतातच विणून ठेवतो, कारण कागदावर त्याचा विश्वास नसतो. आणि तो नसणे किती रास्त आहे, हे आमच्या वेष्टनांनी सिद्ध केले आहे! राहता राहिल्या जात्यावरच्या ओव्या. गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारणीच्या नावानिशी व गावानिशी. म्हणूनच परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आर्त आवाज आज आपल्याला त्यांच्या नावाने ओळखता येतो. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची असेल. पण ती त्या दिवशी ज्या कंठातून निघाली तो कंठ एका बाईचा होता, 'परंपरे'चा नव्हता.

'नावाने स्वरात काय फरक पडतो?' असा चिरंजीवांचा सवाल असतो. स्वरात पडत नसेल, पण संसारात पडतो. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडाने १९३९ मध्ये 'म्बुबे' हे गीत मुद्रित केले. पुढे 'द लायन स्लीप्स टुनाइट' या रूपाने ते जगभर गाजले. लिंडा मात्र १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींना न्याय्य तडजोड मिळावयास २००६ साल उजाडले. आपल्याकडे २०१२ च्या कायदेदुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील हक्क मान्य केला. परंतु ज्याचे नावच नोंदलेले नाही, त्याने हक्क सांगावा तो कोणत्या तोंडाने?

आमच्या भोवतीच्या कारखान्यांतून दुचाकीचा लहानसा सुटा भागही खुणेवाचून बाहेर पडत नाही. तो कोठे, केव्हा घडला याचा माग लागलाच पाहिजे, असा तेथील दंडक आहे. लोखंडाच्या तुकड्याला जो मान, तो माणसाच्या गीताला नसावा काय?

म्हणून परीक्षकांना आमचे एवढेच सांगणे, की वेष्टनावर 'पारंपरिक' हा शब्द दिसला म्हणजे तेथे थांबू नका. चौकशी तेथूनच सुरू करा. गाणाऱ्याला विचारा, गावात विचारा, शेवटचे कडवे कान देऊन ऐका. शोधूनही नाव न सापडले तर 'कर्ता अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहा; त्यात कमीपणा नाही. आणि मग गीत चांगले की वाईट, आवाज लागला की नाही, चाल शब्दांना पेलली की नाही, हे निर्भीडपणे सांगा. लोकगायकाला तुमची कणव नको आहे. रॉकवाल्याला देता तोच न्याय त्यालाही द्या, आणि त्या न्यायाचा आरंभ त्याच्या नावापासून करा.