झडती मोजून, चेहरा पाहून नव्हे
७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत व बसमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध लोक मृत्युमुखी पडले. त्याच महिन्यात न्यूयॉर्क पोलिसांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर पिशव्यांची झडती सुरू केली. ठरावीक संख्येनंतरचा प्रवासी थांबवायचा. ज्याला झडती नको त्याने परत फिरावे, असा नियम होता. २००६ साली अपील न्यायालयाने तो वैध ठरविला.

आमच्या मॉरिशसच्या राज्यघटनेचे ९ वे कलमही संमतीवाचून झडतीस मनाई करते. सार्वजनिक सुरक्षेसारख्या कारणांसाठी कायद्याचा अपवाद ठेवते. उद्या आपल्या मेट्रोत वा बसमध्ये झडतीची वेळ आली, तर ती मोजून घ्यावी, नाव, पेहराव वा चेहरा पाहून नव्हे, असे आम्हांस वाटते. जीव वाचावा, मानही राहावा.