शरीरातील चक्रे आणि श्रद्धेची कसोटी

चक्र हा शब्द आमच्या समाजाला नवा नाही. तथागतांनी सारनाथला पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला, त्यालाच धम्मचक्रप्रवर्तन म्हणतात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते चक्र पुन्हा गतिमान केले. या ओळखीचा फायदा घेऊन आज दुसरेच चक्र आमच्या वस्त्यांत शिरत आहे. पाठीच्या कण्यात सात चक्रे आहेत, ती बंद पडली की आजार आणि दारिद्र्य येते, शिबिराची फी भरली की ती उघडतात, असे सांगितले जाते. वर पुस्ती जोडली जाते की हे मूळचे बौद्धांचेच ज्ञान आहे! शिकलेले, नोकरदार बांधवही यात ओढले जात आहेत, म्हणून हा विषय घ्यावा लागला.

कोर्टात साक्षीदाराला आम्ही विचारतो, हे तुम्हाला कुठून कळले? चक्रांनाही तोच प्रश्न विचारू. वेदांत चक्र म्हणजे प्रामुख्याने रथाचे चाक. शरीरातील चक्रांची ही मांडणी तिथे नाही आणि पाली तिपिटकातही नाही. बुद्धानंतर हजाराहून अधिक वर्षांनी ती तंत्रग्रंथांत दिसू लागते. वज्रयानी बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रे चारच आहेत. बेंबीपाशी चौसष्ट पाकळ्यांचे, हृदयात आठ पाकळ्यांचे, कंठात सोळा आणि मस्तकात बत्तीस. पुढे बंगालच्या पूर्णानंदांनी १५७७ साली लिहिलेल्या षट्चक्रनिरूपणात सहा चक्रे आणि वर सहस्रार अशी सात स्थाने येतात. तिथे बेंबीपाशी दहाच पाकळ्या आणि हृदयात बारा.

दोन साक्षीदार एकाच वस्तूचे वर्णन करतात. एक म्हणतो चौसष्ट, दुसरा म्हणतो दहा. ही वस्तू शरीरात खरोखर असती, तर एवढा फरक पडला असता काय? खरे तर या ग्रंथांतील चक्रे साधकाने ध्यानात कल्पायची कमळे आहेत. प्रत्येक पंथाने आपल्या साधनेपुरता आपला नकाशा काढला. नकाशालाच अवयव समजण्याचा प्रकार पुढचा आहे.

त्याचा प्रसार कोणी केला, हेही पाहण्यासारखे आहे. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुडरॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने पूर्णानंदांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१९ साली छापले. १९२७ साली थिऑसॉफीचे लेडबीटर यांनी चक्रांवर पुस्तक काढले. त्याच वर्षी मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी कुंडलिनी म्हणजे व्हेगस नावाची मज्जा असे मांडले. हृदयातल्या ज्या कमळाच्या पाकळ्या पूर्णानंदांनी लाल सांगितल्या, ते आज शिबिराच्या तक्त्यावर हिरवे असते, कारण इंद्रधनुष्याचे सात रंग पाश्चात्त्य देशांत अलीकडे चिकटवले गेले. पाच हजार वर्षांचे ज्ञान म्हणून विकला जाणारा हा तक्ता आपल्या आजोबांपेक्षाही वयाने लहान आहे!

याची तपासणी पूर्वीही झालेली आहे. आर्य समाजाचे संस्थापक दयानंद सरस्वती यांनी तरुणपणी गंगेतून वाहत आलेले प्रेत बाहेर काढून कापून पाहिले. पोथीतली चक्रे सापडली नाहीत, तेव्हा त्यांनी त्या पोथ्या फाडून प्रेताबरोबर नदीत सोडल्या. हे त्यांनीच आत्मकथनात सांगितले आहे. वेदांना प्रमाण मानणाऱ्या दयानंदांशी आमचे मतभेद मोठे आहेत, पण पोथी आणि प्रत्यक्ष यांत त्यांनी त्या दिवशी प्रत्यक्षाची बाजू घेतली, हे मान्य केले पाहिजे.

आता 'हे मूळचे आपलेच' या युक्तिवादाकडे येऊ. हेवज्रतंत्र बौद्धांचे आहे, हे खरेच. पण म्हणून ते सत्य ठरते काय? ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे, गुरू सांगतो आहे, एवढ्यावर काही मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना बजावले. त्यात 'आपल्या ग्रंथात असेल तर चालेल' अशी सवलत नाही. बाबासाहेबांनी तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथाही तपासली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलेच नसेल काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बुद्धचरित्रातील कथेला जी कसोटी लावली, ती शिबिराच्या तक्त्याला का लावू नये?

श्रद्धा आम्हालाही आहे. पालीत तिला सद्धा म्हणतात. वैद्याच्या औषधाने गुण आला की त्याच्यावर जो विश्वास बसतो, त्या जातीची ती आहे. ती प्रश्नाने दुखावत नाही. श्वासावर लक्ष ठेवले तर मन शांत होते की नाही, हे ज्याचे त्याला पाहता येते. त्यासाठी कण्यात कमळे मानावी लागत नाहीत. जी श्रद्धा प्रश्न विचारताच 'तुझेच चक्र बंद आहे' म्हणते, ती आरोपीनेच न्यायाधीश व्हावे तशी आहे.

संविधानाच्या कलम २५ ने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, ते प्रत्येकाला आहे. पण कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टी हे कर्तव्यही सांगितले आहे, आणि मंत्र-ताईतासारख्या जादुई उपायांनी मधुमेहासारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा बांधवांनो, शिबिराची पावती फाडण्यापूर्वी विचारा: हे कोणत्या ग्रंथात आहे, तो कधीचा, आणि तपासायचे कसे? उत्तर मिळाले नाही तर ते पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावा. आणि कोणी काहीही सांगो, डॉक्टरांची गोळी बंद करू नका.