साचा कोणाच्या दारी?

मराठवाड्यात जळकोट नावाची दोन गावे आहेत. एक आमचे, लातूर जिल्ह्यातले, बालाघाटच्या डोंगररांगांत उदगीरच्या पलीकडे वसलेले तालुक्याचे ठिकाण. दुसरे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे. या दुसऱ्या जळकोटच्या पुढे एका ढाब्यावर मी चहा घेत असताना पवनचक्कीचे एक पाते घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर येऊन थांबला. भोवती गर्दी जमली. एका म्हाताऱ्याने विचारले, "कुठल्या इमानाचा पंख म्हनायचा ह्यो?" पोरे हसली. पण म्हातारा चुकला नव्हता. पाते आडवे कापून पाहिले तर दिसतो तो विमानाच्या पंखाचाच आकार. पुढे गोलसर, मागे निमुळता होत धारेला टेकलेला.

हा आकार येतो साच्यातून. आधी पात्याचा पूर्ण मापाचा नमुना तयार करतात, लांबी भरून, घासून, आरशासारखा गुळगुळीत करून. त्यावर मेणाचे हात, मग जेलकोट, मग काचतंतूंच्या कापडाचे थरावर थर आणि त्यांत मुरवलेले रेझिन. पाठीमागून लोखंडी सांगाडा, कारण आधार नसेल तर साचा वाकतो. वरच्या अंगाचा एक साचा, खालच्या अंगाचा दुसरा. पुढे याच साच्यांत कापड अंथरून, वर प्लास्टिकची चादर घट्ट बसवून, आतली हवा ओढून घेऊन रेझिन मुरवतात आणि दोन्ही अर्धुके डिंकवून पाते जुळवतात. रेझिन घट्ट होताना आकसते. ते किती आकसेल, कुठे पीळ पडेल, याचा हिशेब साचा करणाऱ्याला आधीच मांडावा लागतो. साच्यात केसभर लाट राहिली तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक पात्यात ती उतरते. म्हणून पाते विकत मिळते. साच्याची विद्या सहजासहजी कोणी विकत नाही. १९९५ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सुझलॉनलादेखील पात्याच्या आराखड्याचे काम नेदरलँड्समध्ये थाटावे लागले होते.

आता हिशेब आपल्या बाजूने मांडून पाहू. मार्च २०२५ मध्ये देशाची पवनऊर्जेची क्षमता ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. धाराशिव, बीडच्या माळरानांवर पवनचक्क्या उभ्या आहेत आणि नव्या येत आहेत. गावाच्या वाट्याला काय येते? जमिनीचे पैसे, रखवालदाराची नोकरी, खडी-मुरुमाचे ठेके आणि त्या ठेक्यांवरून होणाऱ्या मारामाऱ्या. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा तपासात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा धागा पुढे आला. जिथे कारागिरी नाही, तिथे उद्योगाशी नाते उरते ते फक्त जमिनीचे आणि दांडगाईचे, असे मला वाटते.

सत्तर मीटरचे पाते आमच्या जळकोटच्या वळणांवरून कसे जाणार, असा प्रश्न कोणी विचारील. जाणार नाही, आणि पात्याचा कारखाना तिथे काढा असे माझे म्हणणेही नाही. पण पवनचक्कीच्या माथ्यावरच्या यंत्रघराचे आवरण आणि पुढचे टोपण हेही फायबरचेच असते, आणि ते तुकड्यांनी घडवून जोडता येते. पाती धुळीने, पावसाने झिजतात. वीज पडून फाटतात. त्यांच्या दुरुस्तीला छोटे साचे आणि तयार हात लागतात. शिवाय लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला, आणि वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १,९२० डब्यांचा करार २०२३ साली झाला, तो लातूर डोळ्यांपुढे ठेवून. वंदे भारतचे निमुळते तोंड फायबरचेच असते. ते तोंड घडवणारे साचे लातूर-उदगीरच्या शेडमध्ये तयार होतील काय, हा प्रश्न आमच्या एकाही प्रचारसभेत मी ऐकलेला नाही. नागपूरला मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ साठी कार्बनतंतूंच्या तुळया करून दिल्या. म्हणजे विदर्भातल्या हातांना हे जमले.

हात आपल्याकडेही आहेत. गच्चीवरच्या टाक्या, मंगल कार्यालयांच्या कमानी, चौकातले पुतळे फायबरमध्ये घडवणारी मुले लातूर-नांदेडला दिसतात. पण सारे काम अंदाजपंचे. वैशाखात बेचाळीस अंश तापमानात हार्डनर एक झाकण जास्त पडले की रेझिन डब्यातच थिजते, आणि मालक पोरावर ओरडतो. तापमापी आणि वजनकाटा त्या शेडमध्ये मी पाहिला नाही. तोंडाला बांधायला रुमाल, अंगभर काचेची खाज. या पोरांना वर्षभराचे नीट शिक्षण देण्याची अट पवनऊर्जा कंपन्यांच्या जमिनीच्या करारांत का घालता येऊ नये? जमिनीचा भाव ठरवताना रात्र-रात्र बैठका होतात. त्यात हे एक कलम मावेल.

ढाब्यावर ट्रेलरचा चालक जेवून उठला. म्हाताऱ्याने त्याला विचारले, असले किती लागतात एका चक्कीला? तो म्हणाला, "तीन. मागे दोन येतायत."