अबोल मुलाचा अपराध

मंचेरियलच्या एका शाळेने माझ्या नातवाच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारला आहे : ‘हुशार, परंतु वर्गात सहभाग नाही.’ आधी विचार, मग बोलणे, एवढाच त्याचा अपराध! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ मुलाला मत मोकळेपणे मांडण्यास साहाय्य करा, असे सांगते; मूल्यमापन मात्र आकलनाचे व त्याच्या उपयोजनाचे करा, असे म्हणते. मोकळीक म्हणजे सक्ती नव्हे, हे नियमावल्या वाचण्यात हयात गेलेल्या मला तरी कळते. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबल्यास अधिक मुले बोलतात, उत्तरेही सकस होतात. मग सहभाग कोणाचा कमी पडला? शेरा मागे घ्यावा, असा अर्ज मी शाळेला दिला आहे.