कागदाची साक्ष

२३ सप्टेंबर २०२४ च्या सायंकाळी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्या गाडीत एक आरोपी गोळी लागून मरण पावला. बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर होता. त्याच रात्री महाराष्ट्रापुढे या मृत्यूचा जो वृत्तांत आला तो असा : तळोजा कारागृहातून नेत असताना आरोपीने एका पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ केलेल्या गोळीबारात तो ठार झाला. २० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयापुढे दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल उघडला गेला. हिसकावल्याचे सांगितलेल्या पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत, स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद आहे आणि गाडीतील पाच पोलीस या मृत्यूस जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. मृत्यू एक, लेख दोन. आणि दोन्ही सरकारी शिक्क्याचे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, हे उघड आहे.

पहिला वृत्तांत ज्या वेगाने स्वीकारला गेला तो विचार करायला लावणारा आहे. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक झळकले. ज्या शहराने ऑगस्टमध्ये आपल्या लेकींसाठी रेल्वे रोखून धरली होती त्याच्या संतापाला कारण होते. पालकांना तक्रार नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले होते. परंतु संताप न्याय्य असला म्हणून त्याला रुचणारा वृत्तांत खरा ठरत नाही. माणूस अशा वेळी पुरावा पाहत नाही, आपल्या मनातला शेवट लिहिलेला आहे की नाही एवढेच पाहतो. उच्च न्यायालयाने मात्र दोनच दिवसांत, २५ सप्टेंबरला, या वृत्तांतावर विश्वास ठेवणे कठीण असल्याचे बोलून दाखविले. तोपर्यंत न्यायालयापुढे कोणताही चौकशी अहवाल नव्हता. जे सांगितले जात आहे ते घडणे शक्य तरी आहे काय, एवढाच प्रश्न न्यायालयाने विचारला. हा प्रश्न विचारण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही.

लिखित साधनाची पारख कशी करावी याचा एक जुना धडा याच परिसरात दगडावर कोरलेला आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शिलाहार राजा मांवाणी याच्या काळचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले तेव्हा त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असे वाचले गेले. भाऊ दाजी हे सामान्य नाव नव्हे. मुंबईतील विद्वत्तेचे ते भूषण होते. त्यांचा शब्द प्रमाण मानून विषय तेथेच संपला असता, तर या मंदिराचा काळ दोनशे वर्षे मागे गेला असता. परंतु पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखविले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले संशोधक. गुरूचे वाचन दुरुस्त करण्यात त्यांना गुरुद्रोह वाटला नाही, आणि इतिहासानेही तो तसा मानलेला नाही.

ही दुरुस्ती नुसत्या तीक्ष्ण नजरेवर अवलंबून नव्हती. झिजलेल्या दगडावरील एका अंकाविषयी दोन माणसांचे मतभेद होऊ शकतात. तेव्हा निर्णय त्या अंकाबाहेरच्या पुराव्याने करावा लागतो. मांवाणी हा छित्तराजाचा धाकटा भाऊ, आणि छित्तराजाचा भांडुप येथील ताम्रपट शके ९४८ चा आहे. थोरला भाऊ शके ९४८ मध्ये दानपत्र देत असेल, तर धाकटा भाऊ शके ७८२ मध्ये राज्य करीत असणे अशक्य आहे. अंबरनाथच्या दगडाचे वय भांडुपचा तांब्याचा पत्रा सांगतो. एका साधनाची साक्ष दुसऱ्या, त्याच्याशी संगनमत नसलेल्या साधनाने तपासणे, हेच या विद्येचे मर्म आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिलालेख कोरवणारा राजा किंवा त्याचा अधिकारी असतो. आपली बिरुदे तो मिरवणारच. म्हणून त्या काळी राज्य कोणाचे होते याविषयी लेखाची साक्ष भक्कम असते. ते राज्य प्रजेला कसे वाटत होते याविषयी तीच साक्ष दुबळी असते. साधन संपूर्ण खरे किंवा संपूर्ण खोटे असे क्वचितच असते. कोणत्या प्रश्नापुरते ते विश्वासार्ह आहे, हे ठरवावे लागते.

मुंब्र्याच्या दोन कागदांनाही हीच कसोटी लावता येते. पहिला वृत्तांत ज्यांनी सांगितला ते त्या प्रसंगाचे साक्षीदार होते हे खरे. पण त्यातून आपली सुटका व्हावी यात त्यांचे हितही गुंतलेले होते. गाडीतील एकमेव विरुद्ध साक्षीदार मृत होता. अशा वेळी वस्तूंची साक्ष महत्त्वाची ठरते, कारण पिस्तुलाला बढतीही नको असते आणि शिक्षेची भीतीही नसते. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल अधिक वजनदार आहे तो दंडाधिकाऱ्यांच्या खुर्चीमुळे नव्हे. न्यायवैद्यक पुराव्याचा आधार घेऊन तो निष्कर्षापर्यंत कसा पोहोचला हे दाखवितो म्हणून. या अहवालाची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. चौकशीतील निष्कर्ष म्हणजे दोषसिद्धी नव्हे. त्या निष्कर्षांना आव्हान दिले गेले, आणि ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिल्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जो कार्यकर्ता 'पाच पोलीस दोषी ठरले' असे पत्रकात छापतो, तो त्या अहवालावर नसलेले वजन लादतो. आणि मूळ बाजू भक्कम असूनही विरोधकाच्या हाती आयते कोलीत देतो.

तपशील खरा असूनही युक्तिवाद लंगडा असू शकतो, ही दुसरी बाजू. २० ऑगस्ट २०२४ च्या आंदोलनानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ते राजकीय हेतूने प्रेरित असल्याचे आणि बहुतेक आंदोलक बाहेरचे असल्याचे सांगितले. आंदोलनात 'लाडकी बहीण' योजनेसंबंधीचे फलक दिसले, हा त्यासाठी दिलेला आधार. फलक होते, हे क्षणभर निर्विवाद मानू. त्यातून काय सिद्ध होते? गर्दीत कोणी तरी राजकीय हेतूने आले होते, एवढेच. बहुतेक लोक बाहेरचे होते हे फलकावरून ठरत नाही. आणि समजा तसे ठरले, तरी तक्रार नोंदविण्यास विलंब का झाला या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. पुरावा एका विधानाचा आणि निष्कर्ष दुसऱ्याच विधानाचा, ही राजकीय लिखाणातील सर्वांत प्रचलित लबाडी आहे. ती पकडण्याचा उपाय साधा आहे : 'म्हणून' हा शब्द जेथे येतो तेथे थांबावे, आणि त्याच्या आधीचे सर्व मान्य केले तरी नंतरचे मान्य करणे भाग पडते काय, हे पाहावे.

आकड्यांविषयी तर विशेष सावधगिरी हवी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा सकाळच्या बातम्यांत अडकलेल्या प्रवाशांचा आकडा कोठे सातशे तर कोठे दोन हजार होता. सर्वांची सुटका झाल्यावर तो सुमारे १,०५० असल्याचे जाहीर झाले. येथे कोणी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. पाण्याने वेढलेल्या गाडीतील माणसे मोजता येत नाहीत, अंदाजच बांधता येतो. बाहेर काढलेली माणसे मात्र मोजता येतात. आकडा कोणी दिला याइतकेच तो केव्हा दिला आणि मोजून दिला की अदमासाने, हे महत्त्वाचे आहे. वालधुनी नदीच्या प्रदूषणाचे अहवाल वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ही नदी अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहत उल्हासनगरच्या वस्तीतून कल्याणच्या खाडीकडे जाते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध 'वनशक्ती' संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. पाण्याचा नमुना कारखान्यांच्या नाल्याच्या वर घेतला की खाली, भर पावसाळ्यात घेतला की मे महिन्यात, कोणाच्या माणसाने घेतला आणि तपासणीचे पैसे कोणी भरले, हे न सांगणारा अहवाल कितीही शास्त्रीय भाषेत लिहिलेला असला, तरी त्यावर विसंबून राहता येत नाही.

आणखी एक भ्रम आहे तो पुनरुक्तीचा. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' असे छापले जाई आणि त्या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होता, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असा माणूस विरळा. ती असंख्य वेळा छापली गेली आहे. पण शंभर लेखकांनी एकमेकांचे ऐकून लिहिले, तर साक्षीदार शंभर होत नाहीत. साक्षीदार एकच राहतो, आणि तो कोण हे बहुधा कोणीच सांगत नाही. गंमत म्हणून ही कथा निरुपद्रवी वाटते. परंतु फाळणीत घरदार गमावून कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या, आणि तेथून कष्टाने उद्योग उभारणाऱ्या एका समाजाची ओळख तिने 'नकली माल' एवढ्याच दोन शब्दांत करून दिली आहे. ज्या कथेने एखाद्या जमातीविषयीचा आधीचाच ग्रह सुखावतो, तिच्यापाशी पुरावा अधिक काटेकोरपणे मागितला पाहिजे. व्यवहारात होते ते नेमके उलट.

हे सारे वाचून कार्यकर्त्याने संशयात्मा बनावे, असा अर्थ कोणी काढू नये. 'सगळेच खोटे असते' असे म्हणणारा आणि 'छापले आहे म्हणजे खरेच' असे म्हणणारा, दोघेही तपासाचे कष्ट टाळतात. आणि दोघांच्या आळसाचा लाभ सत्ता ज्याच्या हाती आहे त्यालाच होतो. भगवानलालांनी जुने वाचन नाकारले ते अधिक चांगले वाचन देण्यासाठी. सामान्य माणसाजवळ पोलीस दल नाही, वृत्तवाहिनी नाही, जाहिरातीचे पैसे नाहीत. त्याच्याजवळ जे आहे ते एवढेच की त्याने सांगितलेली गोष्ट तपासली असता खरी निघते. गिरणीच्या दारापासून नगरपालिकेच्या सभागृहापर्यंत श्रमिकांच्या चळवळींनी जी पत मिळविली ती या एका बळावर, आणि एका खोट्या पत्रकाने ती गमावता येते.

म्हणून पारख करायची ती विरोधकाच्या कागदापासून नव्हे, स्वतःच्या कागदापासून. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील शाखांनी यापुढे कोणतेही पत्रक छापखान्यात धाडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. ही माहिती मूळ कोणाची, आणि ती देण्यात त्याचे हित काय? त्याने स्वतः पाहिले, मोजले, की ऐकले? त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कोणता पुरावा तिला दुजोरा देतो? आणि दिलेल्या पुराव्यातून काढलेला निष्कर्ष खरोखर निघतो काय? ज्या विधानाला ही उत्तरे मिळणार नाहीत ते कितीही जोरकस असले तरी गाळावे. मजकूर चार ओळींनी कमी होईल. पण मोहल्ल्यात, चाळीत किंवा न्यायालयात कोणी उभे राहून 'हे कशावरून?' असे विचारले, तर पत्रक वाटणाऱ्या कार्यकर्त्याला मान खाली घालावी लागणार नाही.